ससेबुवांना डिस्चार्ज नाही

१

कॉरिडॉरमधल्या फळ्यावरची सगळी वर्तुळं हिरवी झाली, त्याच संध्याकाळी खिडकीजवळच्या आजी गेल्या.

तो फळा वर्षभर तिथे होता. हॉस्पिटलातले कागद जाऊन सगळा कारभार संगणकावर यायचा होता, आणि त्या कामाच्या एकेका टप्प्यापुढे एकेक वर्तुळ चिकटवलेलं होतं. काम सुरूच झालं नसेल तर लाल, चालू असेल तर पिवळं, पुरं झालं की हिरवं. पेशंटसुद्धा येता-जाता विचारायचे, "काय हो, अजून किती लाल राहिलं?" त्या दिवशी सकाळी शेवटचं लाल निघालं, पाहुणे आले, टाळ्या झाल्या आणि नवी व्यवस्था सुरू झाली.

आजींच्या छातीत कफ भरला होता, पण ताप उतरला होता. आदल्या दिवसापर्यंत त्या ग्लानीत होत्या. त्या सकाळी उठून बसल्या, चहा मागितला, कमी साखरेचा म्हणून नावंही ठेवली. संध्याकाळच्या पाळीच्या सिस्टरने संगणकात पाहिलं, डॉक्टरांनी लिहिलेलं नवं इंजेक्शन दिलं. सुई बाहेर येईपर्यंत आजींनी गळा धरला. डॉक्टर धावत आले. पण श्वासाची वाट एकदा बंद झाली ती झालीच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीच्या सिस्टरला मोठ्या डॉक्टरांनी खोलीत बोलावलं. सगळ्या जणी तिला थोरली म्हणत. वॉर्डाचे निवासी डॉक्टर तिथे आधीच खाली मान घालून बसले होते.

"हे इंजेक्शन आजींना चालत नाही, हे तुला माहीत होतं?"

"होतं," थोरली म्हणाली. "सकाळी त्यांनीच सांगितलं. पूर्वी एकदा श्वास कोंडला होता म्हणाल्या. मी त्याच पावली जाऊन संगणकात घातलं."

मोठ्या डॉक्टरांनी खाली संगणकवाल्याला फोन लावला आणि आजींची माहिती उघडायला सांगितली. थोड्या वेळाने या सगळ्या प्रकल्पाची मॅनेजर हातात कागद घेऊन आत आली. तिने तो टेबलावर ठेवला. चालत नसलेल्या औषधांच्या चौकोनात काहीही नव्हतं.

"मी घातलं होतं," थोरली म्हणाली.

"संगणक खोटं बोलत नाही, सिस्टर," मोठे डॉक्टर म्हणाले.

२

मेट्रनबाईंना निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली होती, तरी त्यांची पावलं त्या कॉरिडॉरमध्ये आपोआप भिंतीच्या कडेने पडत. मधली जागा स्ट्रेचरसाठी मोकळी ठेवायची, ही शिस्त त्यांनीच लावलेली. पूर्वी इथे उकळत्या काचेच्या सिरिंजांचा वास असे. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी कागदांची पाटी लटके आणि धोक्याची गोष्ट त्यावर तांबड्या पेन्सिलीने लिहिलेली असे. ते दिवस सोन्याचे होते असं मात्र त्या कधी म्हणत नसत. डॉक्टरचं अक्षर लागलं नाही म्हणून गेलेली माणसंही त्यांना आठवत होती, चेहऱ्यांसकट.

मोठ्या डॉक्टरांनी खुर्ची पुढे केली. याच्या हातात पहिली सुई बाईंनीच दिली होती, आणि तेव्हा त्याचा हात लटपटत होता.

"बाई, चौकशी घरच्या माणसानं केली की बोभाटा होत नाही. तुमच्या भाचीनं वर्षभर रक्ताचं पाणी केलंय या प्रकल्पासाठी. एका बाईच्या विसरण्यानं त्यावर बोळा फिरायला नको. थोरली विसरली, एवढं तुम्ही म्हणालात की कुणी शंका घेणार नाही. वयानं होतं असं."

"वय माझं झालंय. तिचं नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. "विसरली असं ठरलं तर?"

"तिचा नर्सिंगचा परवाना जाईल. आजींचा मुलगा उद्या येतोय. पोलिसांत जातो म्हणतोय. कुणाचं तरी नाव द्यावं लागेल."

मेट्रनबाई उठल्या. मॅनेजर त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा एवढीशी होती. नर्सच्या क्वार्टरमध्ये, औषधांच्या रिकाम्या खोक्यांची घरं करून वाढली. हुशार, कष्टाळू, शब्दाला जागणारी. तिचं नाव या प्रकरणात येईल असं बाईंच्या स्वप्नातही नव्हतं. पण मोठ्या डॉक्टरांनी आपल्याला बोलावलंय ते सत्य शोधायला नव्हे, झाकायला, हे त्यांना जिना उतरायच्या आत कळलं होतं.

३

थोरली घरी स्वयंपाकघरात बसली होती. दोरीवर गणवेश वाळत होता. धुवायची गरज नसताना धुतलेला.

"बाई, तुम्ही आलात खऱ्या. पण मॅनेजर तुमची भाची. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. राग मानू नका."

"माझ्या हाताखाली होतीस तेव्हा बाळ्या कोण होता गं?"

थोरलीच्या ओठांवर पुसटसं हसू आलं. "कुणीच नाही. सगळी कार्टीच होतो."

"मग सांग. आजी बोलल्या, पुढे?"

"मी माझ्या टेबलाकडे गेले. तिथल्या संगणकाभोवती पाहुण्यांची ही गर्दी! फोटो चालले होते. म्हणून खिडकीकडच्या कोपऱ्यातल्या संगणकावर बसले. आजींचं नाव उघडलं, चौकोनात औषध घातलं. हिरवी खूण आली. मी डोळ्यांनी पाहिली, बाई."

"संध्याकाळच्या मुलीला तोंडी का नाही सांगितलंस? आपण खाटेशी उभं राहून सांगायचो."

"बंद केलं ना ते. मीटिंगमध्ये ठरलं. तोंडी सांगण्यात वेळ जातो, चुका होतात, जे काय असेल ते संगणकात वाचा. पेशंटच्या मनगटाला धोक्याची लाल पट्टी बांधायची, तीसुद्धा संगणकातूनच छापून यायची. आली नाही. मला वाटलं, पहिला दिवस आहे, उशीर झाला असेल." ती थांबली. मग हळूच म्हणाली, "परवाना गेला तर जाईल, बाई. पण खोटारडी म्हणून?"

मेट्रनबाईंनी दोरीवरच्या गणवेशाकडे पाहिलं. एखादी बाई विसरते, तेव्हा तिला विसरलेलं काहीच आठवत नाही. हिला हिरवी खूण आठवत होती.

निवासी डॉक्टर कँटीनच्या मागच्या पायरीवर भेटला. चार दिवसांची दाढी, समोर निवलेला चहा.

"मी चौकोन पाहिला होता, मॅडम. रिकामा होता. म्हणून तर लिहिलं."

"आजी जाग्या होत्या. त्यांना विचारलंस?"

त्याने कप बाजूला सरकवला. "पूर्वी विचारायचो. पण सगळं त्यातच असणार म्हटल्यावर..."

"म्हटल्यावर तोंड शिवलंस."

"हो," तो म्हणाला. एवढ्या सरळपणे, की बाईंना पुढे रागावता येईना.

दोघंही खरं बोलत होते. एकीने लिहिलं होतं आणि दुसऱ्याला ते दिसलं नव्हतं. मग मधल्या मधे ते गेलं कुठे?

४

वॉर्डात आजींच्या शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं, जीभ मात्र धडधाकट.

"बसा. तुम्ही जुन्या मेट्रन ना? मग तुमच्याकडेच तक्रार करते. मला दूध चालत नाही. त्या दिवशी सकाळी थोरलीला मी स्पष्ट सांगितलं. आजींचं टिपायला ती कोपऱ्यात बसली होतीच, लगे हात माझंही टकटक करून टाकलं. आणि दुपारी काय आलं? पेला भरून दूध! शाळेत एवढ्या चुका केल्या असत्या तर बाकावर उभं केलं असतं."

मेट्रनबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "थोरलीनं टकटक केलेलं तुम्ही पाहिलंत?"

"माझा खुबा मोडलाय, डोळे नाही."

म्हणजे एका बैठकीत घातलेल्या दोन गोष्टी नाहीशा झाल्या होत्या. एक गोष्ट विसरता येते. पण दुधासाठी कुणी खोटं बोलत नाही.

"आणखी काही बोलली का ती तेव्हा?"

"हसली. एकटीच. आजीही हसल्या तिच्याबरोबर, काही न कळता." मास्तरीणबाईंचा आवाज जरा उतरला. "म्हणाली, 'अगं बाई, ससेबुवा अजून इथंच? यांना डिस्चार्ज द्यायला कुणी विसरलं वाटतं!' मी इकडेतिकडे पाहिलं. वॉर्डात कुणाचे दात पुढे नाहीत. म्हटलं असेल कुणाचं तरी टोपणनाव."

मेट्रनबाईंना काहीच उलगडा होईना. त्या उठून कोपऱ्यात गेल्या. टेबलावरचा संगणक नवाकोरा होता, धुळीचा कणही नाही. पण टेबलाच्या रंगावर उन्हाने उमटलेली चौकट त्याच्यापेक्षा मोठी होती.

"इथला जुना संगणक कुठे गेला?"

"तो? आजी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेला," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आजींची गादीसुद्धा अजून बदलली नव्हती. माणसापेक्षा यंत्राची घाई."

५

संगणक कंपनीचा तरुण जिन्याखालच्या थंडगार खोलीत बसे. जाड भिंगांमुळे त्याला सगळे चष्मिष्ट म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ देई.

"ससेबुवा?" तो चकित झाला. "ते तुम्हाला कुठं भेटले?"

"कोण आहेत ते आधी सांग."

"कुणीच नाहीत. म्हणजे, खोटे पेशंट. सगळ्या सिस्टर शिकाव्यात म्हणून आम्ही सरावाची वेगळी जागा केली होती. दिसायला हुबेहूब खऱ्यासारखी, पण तिथं काहीही लिहा, खऱ्या पेशंटला त्याचा पत्ता नाही. त्यात ससेबुवा, अस्वलमामा, कोल्हीणताई असे पेशंट. मॅनेजर मॅडमनीच नावं ठेवली. पोट धरून हसायच्या सगळ्या."

"खरे पेशंट त्यात नव्हते?"

"आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली ना, तेव्हा घातले. वॉर्डात असलेल्या सगळ्यांची नावं तिकडं उतरवून घेतली."

मेट्रनबाईंनी टेबलाची कड धरली. "म्हणजे आजींचं नाव दोन्हीकडे होतं. आणि ससेबुवा?"

"फक्त सरावात. खऱ्यात ससा कसा येईल?"

"पण त्या सकाळी थोरलीला ससेबुवा दिसले."

चष्मिष्टाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"म्हणजे तो संगणक सरावावरच राहिला होता," तो हळूच म्हणाला. "ती तिकडं लिहीत होती. हिरवी खूण येणारच. पण... सरावावर वर नारिंगी पट्टा असतो, मॅडम. 'हा सराव आहे' म्हणून." त्याने डोक्याला हात लावला. "काढला होता. पाहुण्यांना दाखवायचं म्हणून मोठ्या डॉक्टरांना तो पट्टा नको होता. बाळबोध दिसतो म्हणाले."

"तिथलं आजींचं पान मला दाखव."

"नाही दाखवता येत. सराव पुसला. दुसऱ्याच दिवशी. लोक गोंधळतील, आता बंद करा, असा मॅडमचा निरोप आला होता. मला ते बरोबरच वाटलं."

"आणि कोपऱ्यातला संगणक?"

"त्याची तक्रार आली होती. 'बंद पडलाय, ताबडतोब बदला.' जो वॉर्डातून तक्रार करतो त्याचं नाव आपोआप येतं. थोरल्या सिस्टरचं नाव होतं. नेऊन तोही पुसला, तसा नियम आहे. खरं म्हणजे चांगला चालत होता."

"कधी आली तक्रार?"

"मोठ्या डॉक्टरांचा फोन कानाला होता. आजींची माहिती उघड म्हणत होते, आणि नेमकी तेव्हाच समोर तक्रार आली. एका वेळी किती हात चालवायचे, असं झालं होतं मला."

मेट्रनबाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "तुला एखादा संगणक उचलायचा असेल, तर कुणाची तक्रार लागते का रे?"

"मला? छे. मला वाटेल तो उचलतो मी. किल्ल्या माझ्याकडेच असतात."

ते ऐकून बाईंना जे कळलं, ते त्यांना नको होतं.

६

मेट्रनबाई कॉरिडॉरमधल्या बाकावर बसल्या. समोर तो फळा, सगळा हिरवागार. त्यांनी मनातल्या मनात एकेकाला उभं केलं, जसं पूर्वी फेरीच्या वेळी मुलींना ओळीत उभं करत.

ज्या क्षणी थोरलीच्या नावाने तक्रार आली, त्या क्षणी थोरली मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत उभी होती. तिला घाईने बोलावलं, तेव्हा तिच्या टेबलावरचा संगणक तिच्या नावाने उघडाच राहिला असणार. तिथे बसेल त्याला तिचं नाव आयतंच मिळत होतं. मोठे डॉक्टर फोनवर होते, निवासी डॉक्टर त्यांच्यासमोर. तिघेही सुटले. चष्मिष्टाला तक्रारीचं सोंग करायची गरजच नव्हती. त्याने संगणक उचलला असता तर कुणी कारणही विचारलं नसतं.

सोंग करायची गरज कुणाला होती? ज्याला तो संगणक हलवायचा होता, पण स्वतःच्या तोंडाने मागायचा नव्हता. ज्याला आजी गेल्याचं कळताच तो कोपरा आठवला होता. आणि जे माणूस त्या खोलीत मागाहून, कागद घेऊन आलं होतं.

भाची आपल्या खोलीत पुढच्या टप्प्याचा तक्ता जुळवत होती. मावशीला पाहून तिने खुर्ची पुसली, लहानपणची सवय.

"चहा सांगू?"

"नको. त्या कोपऱ्यातल्या संगणकाचं सांग."

तिचा हात खुर्चीच्या पाठीवरच राहिला.

"पुरावा नाही माझ्याकडे," मेट्रनबाई म्हणाल्या. "सराव पुसला, संगणक पुसला. एका मोडक्या खुब्याच्या बाईनं ऐकलेला विनोद, एवढंच आहे. तू नाही म्हणालीस तर मी काही करू शकत नाही. उद्या आजींचा मुलगा येईल. त्याच्यासमोर थोरलीकडे बोट करून म्हण, ही खोटं बोलते. तेवढं जमव. मी घरी जाईन आणि मरेपर्यंत हा विषय काढणार नाही."

भाची खाली बसली. म्हणाली, "मी आणखी एक आठवडा मागितला होता, मावशी. हात जोडून मागितला. पाहुण्यांची तारीख ठरली आहे, म्हणाले."

"मग?"

"पहाटेपासून एकेक संगणक खऱ्यावर आणत होतो. त्या वॉर्डात गेले तेव्हा कोपऱ्यात पडदा लावला होता. एका पेशंटला अंघोळ घालत होत्या. आतून म्हणाल्या, नंतर या. फळ्यावर तेवढं एकच लाल राहिलं होतं. मोठे डॉक्टर जिन्यातून खाली येताना दिसत होते. म्हटलं, पाहुणे गेले की करते. एकच तर आहे. आणि मी... हिरवं लावलं."

"आणि विसरलीस."

"विसरले." तिने डोळे मिटले. "संध्याकाळी आजी गेल्याचं कळलं आणि तो पडदा डोळ्यांपुढे आला. सकाळी जाऊन पाहिलं. सरावात आजींचं पान उघडलं. थोरलीनं घातलं होतं. सगळं बरोबर. तिच्या टेबलावरचा संगणक उघडा होता. मला वाटलं, यंत्र बदललं, सराव पुसला, की कुणालाच काही कळणार नाही आणि... सगळं कुणाचीच चूक नाही असं होईल."

"कुणाचीच नाही? थोरलीच्या नावानं तक्रार करताना हात कापला नाही तुझा?"

भाचीने समोरचा तक्ता बाजूला सारला.

"तुझी चूक मी पोटात घातली असती गं," मेट्रनबाई म्हणाल्या. "उभ्या जन्मात मी काय चुका पाहिल्या नाहीत? पडद्याशी तू विसरलीस ती चूक. तिच्या खुर्चीवर बसलीस तेव्हा विसरली नव्हतीस."

"तू सांगणार आहेस?"

"नाही," मावशी म्हणाली. "तू सांगणार आहेस."

७

आजींचा मुलगा ट्रक चालवत असे. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत तो खुर्चीच्या कडेवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. समोर थोरली, निवासी डॉक्टर, भाची. मेट्रनबाई भिंतीशी उभ्या.

थोरली विसरली असं आपण म्हणणार नाही, हे बाईंनी मोठ्या डॉक्टरांना आधीच बजावलं होतं. त्यांनी घसा साफ केला. "आमच्या असं लक्षात आलंय की नव्या व्यवस्थेत एक तांत्रिक त्रुटी—"

"त्रुटी नाही," भाची म्हणाली.

आणि तिने सांगितलं. फळा, तारीख, पडदा, काढलेला नारिंगी पट्टा, थोरलीच्या नावाने केलेली तक्रार. कुठे थांबली नाही, रडली नाही. मोठे डॉक्टर मधे एकदा "अहो मॅडम" म्हणाले, पण मेट्रनबाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं आणि ते वाक्य तिथेच संपलं. पट्ट्याची गोष्ट आली तेव्हा त्यांनी नजर खिडकीकडे वळवली.

सगळं संपल्यावर मुलगा भाचीशी बोललाच नाही. तो थोरलीकडे वळला.

"म्हणजे आईनं सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं," थोरली म्हणाली. "अगदी नीट. औषधाचं नाव अडखळत का होईना, पण बरोबर सांगितलं. मी लिहीपर्यंत बघत होत्या माझ्याकडे."

त्याने तोंडावरून हात फिरवला. "दाखल करताना मलाच विचारलं होतं, काय चालत नाही म्हणून. मी सगळं सांगितलं आणि तेवढं एक विसरलो. वर तिला म्हणालो, तू गप्प बस, तुला काही आठवत नाही." त्याचा आवाज फुटला. "तेव्हापासून मी समजतोय, मी विसरलो म्हणून ती गेली."

थोरली उठली आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. निवासी डॉक्टर पुढे सरकला, "मीही त्यांना विचारलं नाही," असं कसंबसं म्हणाला; ते कुणी ऐकलं की नाही, कुणास ठाऊक.

मुलाने मान वर केली. "हे शोधून कुणी काढलं?"

"मी," मेट्रनबाई भिंतीपासून पुढे आल्या.

"तुम्ही कोण? सरकारच्या?"

मोठे डॉक्टर घाईने म्हणाले, "या आमच्या जुन्या—"

"हिची मावशी," मेट्रनबाईंनी भाचीच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "हिला मी वाढवली."

मुलगा एकदा बाईंकडे, एकदा भाचीकडे बघत राहिला. मग त्याने खिशातून फोन काढला आणि भाचीच्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे हात केला.

"मग तिच्याजवळ बसा," तो म्हणाला. "मला पोलिसांना बोलवायचंय."

मेट्रनबाई बसल्या.